कुठवर आहे ते

आत्याने चहा ओतला तो कपाच्या बरोबर एक बोट अलीकडे. सांडशीत धरलेलं पातेलं, दुसऱ्या हातात गाळणी, नजर कपावर खिळलेली, हात स्थिर. आणि चहाची धार ओट्यावर. तिने पातेलं खाली ठेवलं, फडकं घेतलं आणि ओटा पुसता पुसता म्हणाली, "अगं, कप कुठे आहे ते दिसतं मला. कुठवर आहे ते कळत नाही."

तिच्या उजव्या डोळ्याची नजर काचबिंदूने गेली त्याला तेव्हा तीन महिने झाले होते. डावा डोळा चांगला आहे. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं ती वाचते, समोरच्या गच्चीवर कोणाची कोणती साडी वाळत घातली आहे तेही सांगते. त्यामुळे घरात सगळ्यांना वाटायचं की निम्मं गेलं तरी निम्मं शाबूत आहे. मलाही तसंच वाटलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. कारण दोन डोळे मिळून काय करतात हे मी कॉलेजात शिकले होते, पुढे कित्येक वर्षं त्याचेच फोटो काढत आले होते. आणि तरी ती बोलेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

वाईच्या घरामागे प्राजक्त आहे. पावसाळा सरता सरता पहाटे अंगणात सडा पडतो. लग्न होऊन या घरात आल्यापासून आत्या त्या फुलांचा हार करते. फूल डाव्या चिमटीत धरायचं, पाकळ्यांच्या मधोमध सुई घालायची आणि केशरी देठाच्या टोकातून ती हलकेच बाहेर काढायची. देठाची नळी जेमतेम सुईला वाट देईल एवढी. पन्नास वर्षांत हे काम तिच्या बोटांत इतकं मुरलं होतं की ती हार ओवताना गप्पा मारायची, कुकरच्या शिट्ट्या मोजायची. त्या वर्षी मात्र सुई देठाच्या पुढून निघून जायची, नाहीतर मागून. पाकळ्या फाटायच्या. परडीत फुलं तशीच राहायची आणि नऊ वाजेपर्यंत मलूल व्हायची. ती काही बोलायची नाही. परडी देवासमोर तशीच ठेवून द्यायची.

माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण साडेसहा सेंटिमीटर असतं. एवढ्याशा अंतरामुळे दोन्ही डोळ्यांना जग किंचित वेगळं दिसतं. नाकासमोर अंगठा धरून आलटून पालटून एकेक डोळा मिटला की अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. तोच पॅरॅलॅक्स. अंगठा जवळ आणला की उडी मोठी, लांब नेला की लहान. मेंदू दोन्ही चित्रं घेतो, त्यांच्यातला फरक मोजतो आणि त्या फरकाचं अंतर करून आपल्याला देतो. हा हिशेब तो इतक्या गुपचूप करतो की आपल्याला दोन चित्रं कधी दिसतच नाहीत, फक्त जग दिसतं, खोल.

हा फरक किती सूक्ष्म पकडता येतो? चांगल्या नजरेच्या माणसाला वीस विकला, म्हणजे एका अंशाच्या एकशेऐंशीव्या भागाएवढा फरकही जाणवतो. मी कागदावर गणित मांडून पाहिलं. चाळीस सेंटिमीटरवर, म्हणजे मांडीवर परडी घेऊन बसलेल्या आत्याच्या सुईच्या अंतरावर, एवढ्या फरकातून पाव मिलिमीटर मागे-पुढे कळतं. चार मीटरवर तेच अडीच सेंटिमीटर होतं. चाळीस मीटरवर अडीच मीटर. अंतर दहापट झालं की चूक शंभरपट, आणि काहीशे मीटरच्या पलीकडे दोन्ही डोळे एकच चित्र पाहतात. म्हणजे समोरचा पांडवगड आत्याला पूर्वीसारखाच दिसत होता. तिच्या हातून गेलं होतं ते हाताच्या टप्प्यातलं जग. कप, सुई, देठ, उंबऱ्याची पायरी, नातवाचा पुढे केलेला हात.

मला स्वतःला या गोष्टीचं वेड लागलं ते पुण्यात, भूशास्त्र शिकताना. आमच्या प्रयोगशाळेत पॉकेट स्टिरिओस्कोप होते. दोन भिंगांचा चष्मा आणि त्याला तारेचे घडीचे पाय, बस्स. टेबलावर विमानातून काढलेले दोन फोटो ठेवायचे, २३ सेंटिमीटर बाय २३ सेंटिमीटरचे, काळे-पांढरे. सर ते मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. विमान सरळ रेषेत जातं, ठरावीक अंतराने कॅमेरा खाली पाहून फोटो काढतो, आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला साधारण ६० टक्के भाग पुन्हा येतो. एकच डोंगर दोन जागांवरून टिपला जातो. ते दोन फोटो भिंगांखाली शेजारी शेजारी ठेवून डावा डाव्या डोळ्याला, उजवा उजव्या डोळ्याला द्यायचा.

पहिली दहा मिनिटं मला दोन करडे कागदच दिसत होते. डोळ्यांना पाणी आलं. शेजारची मैत्रीण "दिसलं, दिसलं!" म्हणत होती आणि मला रडू येण्याच्या बेतात होतं. मग मी बघायचा हट्ट सोडला, डोळे सैल सोडले, आणि दोन्ही चित्रं एकमेकांकडे सरकली, क्षणभर डगमगली आणि एकमेकांवर बसली. कागद नाहीसा झाला. खाली दरी होती. मी चक्क टेबल घट्ट धरलं.

पण काहीतरी चुकत होतं. नदी डोंगराच्या कण्यावरून वाहत होती. ओढे कडांवर चढलेले, गावं खड्ड्याच्या तळाशी, सगळं उलटं, आणि तरी अगदी खरं. सर मागून आले, काही न बोलता त्यांनी डावा फोटो उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवला. पुन्हा डोळे सैल सोडले. आणि सह्याद्री उभा राहिला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे, प्रत्येक पायरीच्या काठाला झाडांची गडद रेघ. त्या कड्यांखालून मी लहानपणापासून एसटीने गेले होते. ते जिने आहेत हे मला तेव्हा कळलं.

शिवाय ते डोंगर फार उंच दिसत होते, सुळक्यांसारखे. त्याचंही कारण अंतरातच आहे. १:५०,००० प्रमाणाच्या फोटोत २३ सेंटिमीटरमध्ये साडेअकरा किलोमीटर मावतात. ६० टक्के भाग पुन्हा यायचा तर विमान दोन फोटोंच्या मध्ये साडेचार किलोमीटरच्या वर पुढे गेलेलं असतं. म्हणजे त्या वेळी मी जे पाहत होते ते साडेचार किलोमीटर अंतरावर डोळे असलेल्या कुणा महाकाय प्राण्याच्या नजरेने. आपण अंगणातल्या वारुळाकडे पाहावं तसा तो सह्याद्रीकडे पाहतो. त्याला उंच-सखल सगळं ठळक दिसतं.

या सगळ्याचा उलगडा पहिल्यांदा चार्ल्स व्हीटस्टन यांनी केला, १८३८ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे. वाद्यं बनवणाऱ्या घरातला माणूस. त्यांनी दोन आरसे काटकोनात बसवून प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दाखवलं, आणि चित्रं मुद्दाम नुसत्या रेघांची काढली. छाया नाही, रंग नाही, म्हणजे खोली आली तर ती दोन चित्रांतल्या फरकातूनच आली हे सिद्ध व्हावं. दागेरचं फोटो काढायचं तंत्र जाहीर झालं ते पुढच्या वर्षी, १८३९ मध्ये. फोटोग्राफी जगापुढे येण्याआधी स्टिरिओस्कोप आला, हे मला फार आवडतं. बघायची खिडकी तयार होती, चित्रं मागून आली. ब्रूस्टर यांचा भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाने पाहिला आणि युरोपातल्या घराघरांत तो पोचला. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात व्ह्यूमास्टर आला, तो मात्र माझ्या पिढीच्या हातात होता. गोल चकती, सात दृश्यं, चौदा इवल्या फिल्मा, आणि दांडी ओढली की खट् असा आवाज. मुंबईच्या मावसभावाकडे होता. सुट्टीत आम्ही त्यासाठी रांग लावायचो.

पण १८३८ चं मला वाटणारं अप्रूप आणखी एका गोष्टीसाठी आहे. त्याच वर्षी कोनिग्झबर्गच्या वेधशाळेत बेसेल यांनी पहिल्यांदा एका ताऱ्याचं अंतर विश्वासाने मोजून दाखवलं. हंस तारकासमूहातला ६१ क्रमांकाचा तारा. पृथ्वी सूर्याच्या एका बाजूला असताना एक वेध, सहा महिन्यांनी दुसऱ्या बाजूला गेल्यावर दुसरा. दोन डोळ्यांमधलं अंतर तीस कोटी किलोमीटर. एवढं करूनही ताऱ्याचा पॅरॅलॅक्स (ताऱ्यांसाठी या सरकण्याचा निम्मा भाग धरतात) भरला एका विकलेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. २५ मिलिमीटरचं नाणं सोळा किलोमीटरवर ठेवलं तर ते एवढंसं दिसेल. वाईहून पाचगणीच्याही पलीकडे ठेवलेलं नाणं! आपल्याकडच्या सिद्धांतग्रंथांत याच फरकाला लंबन म्हटलं आहे. चंद्र जवळ असल्यामुळे त्याची जागा पाहणाऱ्याच्या ठिकाणाप्रमाणे बदलते, म्हणून सूर्यग्रहण एका गावात दिसतं आणि दुसऱ्या गावात दिसत नाही. ग्रहणाचं गणित करणाऱ्यांना लंबन काढावंच लागायचं. माणसाच्या नाकाच्या दोन बाजूंना जे घडतं तेच आकाशात घडतं, हे ज्या दिवशी माझ्या डोक्यात नीट उतरलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

२०२० च्या एप्रिलमध्ये न्यू होरायझन्स हे यान सुमारे ७०० कोटी किलोमीटरवर होतं. तिथून त्याने प्रॉक्झिमा सेंटॉरी या सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा फोटो काढला आणि त्याच सुमारास पृथ्वीवरूनही काढला गेला. दोन्ही शेजारी ठेवून मी डोळे सैल सोडले. तारा बाकीच्या चांदण्यांपासून सुटून पुढे आला. तो तसा दिसण्यासाठी मानवजातीला आपला एक डोळा ७०० कोटी किलोमीटर लांब पाठवावा लागला होता.

माझे स्वतःचे स्टिरिओ फोटो साधे असतात, फोनवर काढलेले. भार डाव्या पायावर घेऊन एक फोटो, मग अंग न वळवता भार उजव्या पायावर आणि दुसरा. एवढ्या हालचालीत कॅमेरा डोळ्यांमधल्या अंतराएवढा सरकतो. सगळ्यात जवळची वस्तू जेवढी लांब असेल त्याच्या तिसाव्या हिश्शाएवढं सरकावं, असा एक ढोबळ नियम आहे. दोन मीटरवरच्या तुळशीवृंदावनाला साडेसहा सेंटिमीटर पुरतात. तीन किलोमीटरवरच्या डोंगराला शंभर मीटर लागतात.

एकदा मी पावसाळ्यात पांडवगडासाठी बांधावरून शंभर पावलं चालले. पहिला फोटो, मग चिखल तुडवत चालणं, मग दुसरा. घरी येऊन जोडी लावली तर डोंगर सुरेख उठून आला होता, पण उतारावरची ढगाची सावली डोंगरापासून सुटून मधल्या हवेत तरंगत होती. मी चालत होते तेवढ्या वेळात सावलीही चालली होती. मेंदूला ते ठाऊक नाही. जागा बदललेली दिसली की तो म्हणतो, अंतर वेगळं. मेणवलीच्या घाटावर तर कृष्णेचं पाणी दोन फोटोंत कधीच जुळत नाही, ते पाऱ्यासारखं चमचमत राहतं आणि घाटाच्या दगडी पायऱ्या त्याच्या काठाशी अगदी शांत उभ्या असतात. ती जोडी मला सदोष वाटायची. आता मला तीच सगळ्यात आवडते.

आत्याला मी यातलं काही दाखवू शकत नव्हते. लाल-निळा चष्मा, भिंगांचा डबा, सगळ्याला दोन डोळे लागतात. तिच्या समोर मी फोटोंबद्दल बोलणंच बंद केलं. माझ्या तोंडून चुकून स्टिरिओ शब्द निघाला की मला अपराध्यासारखं व्हायचं.

मग एका दिवाळीत मी ओट्याशी उभी होते आणि आत्याने चहा ओतला. थेट कपात. एक थेंब बाहेर नाही. सुरुवातीला ती पातेल्याचा काठ कपाच्या कडेला टेकवून ओतायची, कुणीतरी सांगितलं होतं तसं. आता तिने टेकवला नव्हता. दुसरा कप भरताना मी नीट पाहिलं. ओतण्याआधी तिने मान किंचित डावीकडे नेली, मग उजवीकडे. नाही म्हणताना हलवतो तशी नव्हे, खिडकीतून डोकावताना हलवतो तशी, चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे. मग ओतला.

"आत्या, मान का हलवलीस?"

"कुठे हलवली?" तिला खरंच माहीत नव्हतं.

गवतातला नाकतोडा उडी मारण्याआधी असाच डुलतो. पाय जागच्या जागी, डोकं इकडून तिकडे. जवळची काडी जास्त सरकते, लांबची कमी, त्यावरून तो उडी ठरवतो. एसटीच्या खिडकीतून आपणही हेच पाहिलेलं असतं. रस्त्याकडेचे खांब सपासप मागे पळतात, उसाची शेतं सावकाश, डोंगर अगदी रेंगाळत, आणि चंद्र आपल्याबरोबर गावापर्यंत येतो. दोन डोळे एकाच क्षणी दोन जागांवर असतात. एक डोळा एका जागी असतो आणि क्षणभराने दुसऱ्या जागी. फरक तोच मिळतो, फक्त त्यासाठी थोडा वेळ मोजावा लागतो. ५ मे २००५ ला गेलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाचं कामही असंच चालायचं. एक कॅमेरा २६ अंश पुढे कललेला, दुसरा ५ अंश मागे. पुढच्याने पाहिलेली जमीन मागचा पन्नासेक सेकंदांनी पुन्हा पाहायचा, आणि त्यातून डोंगरांच्या उंच्या निघायच्या. वाईच्या स्वयंपाकघरात सत्तरीच्या बाईने हेच स्वतःचं स्वतः शोधून काढलं होतं, कुणालाही न सांगता, स्वतःलाही न सांगता.

त्या रात्री मी मेणवलीची जोडी काढली. दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवले, घाटाच्या पायरीचा एक कोपरा दोन्हींत अचूक जुळवला आणि ते आलटून पालटून दिसतील असं केलं, सेकंदाला चार-पाच वेळा. एक, दोन, एक, दोन. जुळवलेला कोपरा स्थिर राहिला. त्याच्या अलीकडचा पिंपळाचा पार एका बाजूला डुलायला लागला, पलीकडचं देऊळ दुसऱ्या बाजूला. मी उजव्या डोळ्यावर हात ठेवला. घाट पायरी पायरीने पाण्यात उतरत होता.

सकाळी फोन आत्याच्या हातात दिला. आधी तिला वाटलं फोन बिघडला. मग ती गप्प झाली. फोन थोडा लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. "अगं," ती म्हणाली, "हा पार पुढे आहे." आणि थोड्या वेळाने, "आणि देऊळ किती मागे गेलं बघ." तिने बोट पुढे केलं, पाराला हात लावायला निघाल्यासारखं, आणि ते काचेवर टेकलं. ती पुष्कळ वेळ बघत बसली. मी चहा केला, तिने घेतला नाही. गार झाला.

मग ती उठली आणि आतल्या खोलीतून अण्णांचा फोटो घेऊन आली. अण्णा म्हणजे तिचे यजमान, त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. याच घाटावर, पांढरा सदरा, एक पाय खालच्या पायरीवर, उन्हाने बारीक केलेले डोळे. "यांचा कर ना तसा."

मी म्हटलं, "आत्या, त्याला दोन लागतात."

"आहेत की दोन!" ती ट्रंकेपाशी गेली आणि खाकी पाकिटातून दुसरी प्रत काढून आणली. स्टुडिओवाल्याने त्या वेळी दोन दिल्या होत्या, एक फ्रेमसाठी, एक अल्बमसाठी. तिचा चेहरा इतका उजळला होता की मला लगेच काही सांगवेना. मी दोन्ही प्रतींचे फोटो घेतले, पायरीचा कोपरा जुळवला, आणि आलटून पालटून लावले. अण्णा हलले नाहीत. मागची कृष्णा हलली नाही. दुसऱ्या प्रतीच्या कोपऱ्यात ओलीचा एक पिवळा डाग होता, तेवढा लुकलुकत राहिला.

"दोन्ही एकाच जागेवरून आहेत," मी म्हटलं. "एकाच निगेटिव्हच्या."

"हं," ती म्हणाली. "फोटोवाला जागचा हललाच नाही म्हणायचा."

एकाच फोटोवरून अंदाजाने खोली रचून देणारी सॉफ्टवेअर आता आहेत. मला ती वापरता येतात. त्या अंदाजात अण्णांचा खांदा नेमका किती पुढे होता, पुढचा पाय किती खाली होता, हे कुणीतरी मनाने ठरवलेलं असतं. मी तिला ते करून दिलं नाही, आणि तिनेही पुन्हा विचारलं नाही.

तिने फ्रेम परत भिंतीवर लावली, सरळ केली आणि दोन पावलं मागे आली. मग तिची मान हलली, चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे. फोटोच्या काचेत पाठीमागच्या खिडकीचं प्रतिबिंब होतं, आणि खिडकीबाहेरचा प्राजक्त. ते तिच्याबरोबर इकडून तिकडे सरकलं.